जीटीओचे उजवे दार

जुनी कॉर्व्हेट गाडी विकून आलेले एक्केचाळीस हजार डॉलर बँकेत पडून तीन आठवडे झाले होते, आणि त्या तीन आठवड्यांत हार्लन आणि लॉर्ना एकमेकांशी कमालीच्या सौजन्याने वागत होते. शेवटचा टोस्ट "तू घे", "नाही, तूच घे" असे करत ताटलीत वाळून जायचा. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात एवढे सौजन्य त्या घरात कधी शिरले नव्हते. दोघांनाही त्याची धास्ती वाटत होती.

लॉर्नाला त्या पैशांत खालच्या मजल्यावर झोपायची खोली आणि न्हाणीघर हवे होते. तिच्या उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती आणि दोन्ही वेळा ती यशस्वी झाल्याचे तिला सांगण्यात आले होते. तेव्हापासून ती जिना बसून चढायची. जिन्याकडे पाठ करायची, पायरीवर टेकायची, हातांनी रेटा देऊन वरच्या पायरीवर बसायची, असे चौदा वेळा. घरातले एकुलते एक न्हाणीघर वर होते. त्यामुळे दिवसभर खाली राहायचे असले की ती कॉफी अर्धा कपच घ्यायची, आणि बारानंतर तीही नाही. ठेकेदाराने दोन्ही कामांचे मिळून एकोणचाळीस हजार सांगितले होते.

हार्लनला गाडी हवी होती. सॅगिनॉच्या ओतकामाच्या कारखान्यात एकतीस वर्षे इंजिनांचे ठोकळे ओतलेल्या माणसाला दुसरे काय हवे असणार? आमच्याकडचा पुरुष चर्चमध्ये बसणार नाही इतका गप्प एखाद्या उघड्या बॉनेटसमोर बसतो. हार्लन तसा भला माणूस होता. दारू बेताची, जीभ त्याहून बेताची. पण साठ-सत्तर सालातल्या गाड्यांचा विषय निघाला की त्याच्या डोळ्यांत जे यायचे ते लॉर्नाने, तो आपल्याकडे बघताना, कधी पाहिले नव्हते, आणि हे तिने मनाशी कधीच कबूल करून टाकले होते.

"कॉर्व्हेट हा पोरखेळ होता, मान्य," हार्लन म्हणाला. "दोन सीटा. डिकीला बाहेरून झाकणच नाही. किराणा आणायचा तर तुझ्या मांडीवर."

"तेवीस वर्षं माझ्याच मांडीवर होता."

"म्हणून तर म्हणतो, आता व्यवहारी गाडी घ्यायची."

"व्यवहारी म्हणजे कशी?"

"चार माणसांची."

"आपण दोघंच आहोत, हार्लन."

हार्लनने कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर अभ्यास केला होता. तो त्याने टेबलावर पसरला. साधी मस्टँग तिसात मिळते, पण मागून उतरत्या छपराची हवी असेल तर पन्नासच्या खाली कोणी तोंड उघडत नाही, आणि मागच्या सीटवर फक्त कोट बसू शकतात. कॅमेरो पंचेचाळीस. तिच्या डिकीत जादा चाक ठेवले की मग एखादी टोपी मावते. चार्जरच्या डिकीत माणूस पाय लांब करून झोपेल, पण भाव नव्वदच्या घरात, आणि लांबी अशी की गॅरेजचे दार कायमचे उघडे ठेवावे लागेल. पेट्रोलच्या बाबतीत सगळ्या सारख्याच. गॅलनला अकरा मैल, उतारावर बारा. उरली जीटीओ. भाव चाळीस-पंचेचाळीस, डिकी ऐसपैस, मागे दोन माणसे तक्रार करत का होईना पण बसू शकतात. हार्लनच्या मते जीटीओ ही संसारी गाडी होती.

लॉर्नाने तो कागद वरपासून खालपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि पुसला.

"हे बघ," ती म्हणाली. "ज्या गाडीत मी माझी मी बसेन आणि माझी मी उठेन, हात न देता, ती घे. माझं काही म्हणणं नाही. तशी नाही मिळाली तर सोमवारी मी ठेकेदाराला फोन करते."

हार्लनने लगेच होकार दिला. इतक्या सोप्या अटीवर एवढा मोठा सौदा सुटतोय याचे त्याला मनातून आश्चर्यच वाटले.

त्या शनिवारी गावाबाहेर जत्रेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा हंगामातला शेवटचा मेळावा होता. ऑक्टोबरचा मध्य. त्यानंतर कधीही बर्फ पडतो, बर्फ पडला की रस्त्यांवर मीठ पडते, आणि मीठ पडले की जुनी गाडी बाहेर काढणारा माणूस आमच्याकडे वेडा तरी समजला जातो नाही तर गरीब. पत्रा मिठाने आतून खाल्ला जातो. म्हणून विकणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो की माझ्या गाडीने मीठ कधी पाहिलेले नाही. हे आमच्याकडे कुलशील सांगितल्यासारखे असते, आणि तितपतच खरे असते.

मैदान ओले होते. आभाळ खाली आले होते. गाड्यांच्या मागे घडीच्या खुर्च्या टाकून म्हातारे बसले होते, पण खुर्च्या गेल्या वर्षीपेक्षा विरळ होत्या. फाटकाजवळच्या टेबलावर गाड्यांच्या मंडळाच्या यंदा वारलेल्या सभासदांचे फोटो मांडले होते, प्रत्येक जण आपापल्या गाडीसोबत. नऊ फोटो होते. टेबलामागे हार्लनचा जुना मित्र गॉर्डी बसला होता, खिशात जुन्या गाड्यांच्या भावाचे पुस्तक घेऊन. हे पुस्तक दर वर्षी नवे निघते आणि गॉर्डीला ते डिसेंबरपर्यंत पाठ झालेले असते.

"वॉल्ट गेला, कळलं ना?" गॉर्डी म्हणाला. "त्याची कॅमेरो आलीये विकायला. बायकोनं बेचाळीस लावलेत. छत्तीसला सोडेल."

"फुलं पाठवली का कोणी?" लॉर्नाने विचारले.

गॉर्डी जरा गडबडला. "पाठवली असतील की," तो म्हणाला.

मग परीक्षा सुरू झाली. मस्टँगमध्ये लॉर्ना बसली, पण उठताना तिला हार्लनच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. बाद. वॉल्टच्या कॅमेरोत ती बसली, तीन वेळा उठायचा प्रयत्न केला आणि चौथ्या वेळी नुसतीच बसून राहिली, समोरच्या खणात वॉल्टचे हातमोजे तसेच होते ते बघत. बाद. चार्जरमधून ती कोणाच्याही मदतीशिवाय उठली. पण तिच्या काचेवरचा भाव वाचून हार्लनच शेजारच्या बाकावर टेकला.

शेवटच्या ओळीत उतारावर एक गडद हिरवी जीटीओ उभी होती. १९६९ची, किंमत सेहेचाळीस हजार. मालक डुएन नावाचा लांबोडक्या चेहऱ्याचा माणूस होता. तो गाडीबद्दल बोलताना आवाज असा खाली आणायचा की आजारी माणूस शेजारच्या खोलीत झोपलाय असे वाटावे.

"इंजिन मूळचं. इंजिनावरचे आणि सांगाड्यावरचे आकडे जुळतात. चारी बाजूंचा पत्रा कारखान्यातून आला तोच. दारंसुद्धा. आणि मीठ म्हणाल तर हिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

लॉर्नाने ड्रायव्हरशेजारची, उजवीकडची सीट मागे सरकवली, पाठमोरी झाली, टेकली आणि पाय आत घेतले. सीट बऱ्यापैकी उंच होती. "ही तशी बरी आहे," ती म्हणाली, आणि हे तिला खरोखरच वाटले म्हणून तिचा चेहरा उतरला. उठण्याची परीक्षा अजून बाकी होती.

इथे डुएनने ती चूक केली जी जुन्या गाड्या विकणारा प्रत्येक जण करतो. गिऱ्हाईक आत बसले की त्याला दाराचा आवाज ऐकवायचाच असतो. "ऐका हं, बाई," असे म्हणून त्याने दार लोटले. धप्प असा भरदार, श्रीमंत आवाज आला. आजूबाजूच्या चार-पाच म्हाताऱ्यांनी समाधानाने माना हलवल्या.

"आता उठून दाखव," हार्लन म्हणाला.

लॉर्नाने सीट आणखी थोडी मागे घ्यायला खालचा दांडा ओढला. गाडी उतारावर, नाक खाली. सीट मागे न जाता घरंगळत पुढे गेली आणि खट्कन अडकली. तिचा उजवा गुडघा समोरची फळी आणि दार यांच्या कोपऱ्यात जाऊन बसला. तिने दांडा पुन्हा ओढला तर तो हातात आला. मग तिने दाराची कडी ओढली. तीही आली.

"हार्लन," ती शांतपणे म्हणाली, "माझ्या एका हातात सीटचा दांडा आहे आणि दुसऱ्या हातात दाराची कडी. पुढं काय करायचं असतं?"

"जपून, बाई," डुएन म्हणाला. "दोन्ही मूळच्या वस्तू आहेत."

बाहेरचे बटण दाबून पाहिले, खांदा लावून पाहिला, चपटी पट्टी घालून पाहिली. दार हलेना. शेवटी डुएनने मान खाली घालून सांगितले की दाराची खिटी गेल्या महिन्यात त्यानेच बसवली होती, दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची, कानसून. स्टिअरिंगच्या बाजूचे दार उघडे होते, पण मध्ये गिअरचा उंच खोका, आणि गुडघा जागचा हलत नव्हता. ड्रायव्हरच्या बाजूने एकेक म्हातारा वाकून आत बघायचा, लॉर्नाला "बरं आहे ना?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत नजर मीटरांवर लावायचा. एकाने घड्याळ चालू आहे का म्हणून विचारले. लॉर्नाने सांगितले की गाडीतले बंद आहे, मनगटावरचे चालू आहे.

गर्दी जमली. आमच्याकडे उघड्या बॉनेटभोवती जमते तशीच, तेवढीच, फक्त या वेळी मध्ये बाई होती.

"दार कापावं लागेल," कोणी तरी म्हणाले.

गॉर्डीने पुस्तक काढले. "मूळ दार गेलं तर सरळ बारा हजार कमी. दुसरं दार आणून बसवलं तरी आठ. रंग जुळला तर सात."

"मी ऐकतेय, गॉर्डी," आतून आवाज आला.

"तुझ्याबद्दल नाही, लॉर्ना. दाराबद्दल बोलतोय."

"तेच ऐकतेय."

मैदानावर अग्निशमन दलाच्या स्वयंसेवकांची गाडी उभी होती. मोडक्या गाडीचे छप्पर कापून दाखवायचा त्यांचा कार्यक्रम दुपारीच झाला होता. त्यातला कर्टिस नावाचा धिप्पाड माणूस पत्रा कापायचा भला मोठा यांत्रिक जबडा घेऊन धावत आला आणि जीटीओ पाहून जागीच थांबला. त्याने टोपी मागे सारली.

"एकोणसत्तरची?" त्याने हळूच विचारले.

"आकडे जुळतात," डुएन म्हणाला.

"माझ्याकडे अडुसष्टची आहे. सगळे भाग सुटे करून ठेवलेत. अकरा वर्षं झाली." कर्टिसने जबडा गवतावर ठेवला. "बाई, कुठं रक्त वगैरे येतंय का?"

"नाही."

"श्वास?"

"चालू आहे."

"मग मला मालकाची परवानगी लागेल," कर्टिस म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला सगळ्यांना दिसला.

"रक्त काढून दाखवू का?" लॉर्ना म्हणाली. पण तोवर सगळे डुएनकडे बघत होते. डुएनने दारासमोर उभे राहून हात पसरले होते.

मग गॉर्डीला सुचले की सीटचे नट गाडीच्या पोटाखाली असतात, ते काढले तर सीट मोकळी होईल. लॉर्नासकट गाडी जॅकवर चढवली. ती सावकाश वर गेली, मैदानाकडे बघत. हार्लन टॉर्च घेऊन खाली शिरला. दोन मिनिटांनी त्याचे डोके बाहेर आले.

"डुएन," तो म्हणाला, "हिनं मीठ पाहिलेलं नाही म्हणालास?"

"डोळ्यांनी नाही."

"खालचा पत्रा चाळण झालाय. तीन ठिकाणी ठिगळं आहेत. एक तर बिअरच्या डब्याचं आहे, नाव वाचता येतंय."

डुएन म्हणाला, ते आधीच्या मालकाचे. हार्लन म्हणाला, असेल, पण मग सेहेचाळीस कसे? गॉर्डीने पुस्तक उघडले. हार्लन पाठीवर पडूनच बोलत होता, अंगाखाली चिखल, डोक्यावर बायको. डुएन त्रेचाळीसवर आला, मग एक्केचाळीसवर. नट गंजून एकजीव झाले होते, ते कोणी हलवू शकले नसते, पण हार्लन खालीच राहिला.

"लॉर्ना, साडेअडतीसवर आणला," तो वरच्या पत्र्याला म्हणाला.

"मी विकत घ्यायला सांगितलेलं नाही," पत्र्यापलीकडून उत्तर आले. "मी बाहेर काढायला सांगितलंय."

गाडी खाली उतरवली. वारा सुटला होता. हार्लन ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसला आणि तिला गारठा लागू नये म्हणून त्याने इंजिन चालू केले. ते पहिल्याच किल्लीला घुमले. त्या आवाजाने सबंध गाडी, गाडीतली दोघे, लॉर्नाचे दुखरे हाडसुद्धा थरथरले. हार्लनने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. क्षणभर तो एकोणीस वर्षांचा झाला, आणि शेजारी कोण बसले आहे हे त्याला आठवत नसावे. लॉर्ना त्याच्याकडे बघत होती.

"छान आहे ना?" तो म्हणाला.

"मला पाय कळेनासा झालाय, हार्लन."

तिचे ओठ पांढरे पडले होते. पाय फार वेळ दुमडून ठेवायचा नाही, रक्त साकळते, हे तिला दोन्ही शस्त्रक्रियांनंतर बजावलेले होते, आणि त्यालाही. हार्लनने इंजिन बंद केले. तो बाहेर येऊन डुएनसमोर उभा राहिला. सत्तेचाळीस वर्षांत कोणी ऐकला नव्हता असा आवाज त्याच्या तोंडून निघाला.

"अरे, माणूस आहेस का कोण? माझ्या बायकोपेक्षा तुला ते दार मोठं झालं?"

गर्दी डुएनकडे बघू लागली. डुएनला वाईट वाटत होते, नाही असे नाही. पण तो प्रामाणिक माणूस होता.

"ती माझी बायको नाही," तो म्हणाला. "दार मात्र माझं आहे. तू गाडी घे, साडेअडतीसला. मग दार तुझं, बायकोही तुझीच. काय कापायचं ते काप."

"घेऊ नकोस," लॉर्ना आतून म्हणाली. "हार्लन, ऐकतोयस? मी बसते इथं. तो कंटाळेल. त्याला घरी जायचं असेलच की कधी तरी. घेऊ नकोस."

ते साडेअडतीस हजार म्हणजे काय आहे हे तिथे दोघांनाच माहीत होते. ती खालची खोली होती, खालचे न्हाणीघर होते, दुपारची दुसरी कॉफी होती. पण हार्लन चेकबुक काढून मोकळा झाला होता. बायकोचा जीव धोक्यात असताना माणूस पैशाकडे बघतो का? तिला वाचवायला त्याने गाडी घेतली. हीच गाडी त्याला हवी होती हा योगायोग. त्या दोन गोष्टींमधली रेघ तुम्ही-आम्ही लांबून ओढू शकू, पण बॉनेटवर कागद ठेवून सही करताना हार्लनला ती दिसत नव्हती, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होते ते खरे होते.

"अडीच हजार उरले," लॉर्ना स्वतःशीच म्हणाली. "एक बेसिन येईल."

डुएनने कागद दिला, किल्ली दिली, हात मिळवला आणि दारासमोरून बाजूला झाला. कर्टिसने जबडा उचलला.

"वरच्या बिजागरीपासून सुरुवात करतो," तो म्हणाला.

"एक मिनिट," हार्लन म्हणाला.

सगळे थांबले. हार्लन पुढे झाला आणि त्याने दाराच्या वरच्या कडेवरून हात फिरवला. पन्नास वर्षांपूर्वीचा रंग होता तो, कुठे फुगा नाही, कुठे चरा नाही. "बिजागरीचा खिळा आधी भोक पाडून निघतो का ते बघू या का? म्हणजे पत्रा तरी वाचेल."

कर्टिसला ते पटले. त्यालाही पत्रा वाचायला हवाच होता. गिरमिट आणले, चालवले, टोक मोडले. कर्टिसने पुन्हा जबडा उचलला.

"एक मिनिट," हार्लन म्हणाला. "पुढच्या मडगार्डवर काही तरी टाका. घोंगडी असेल कोणाकडे तर. ते उगाच खरवडेल." अग्निशमन दलाच्या गाडीतून आणलेली जाड घोंगडी मडगार्डवर पसरण्यात आली. ती लॉर्नासाठी आणलेली होती, पण तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

"आता?" कर्टिस म्हणाला.

"एक मिनिट. गॉर्डी, तुझ्या ओळखीत कोणाकडे खिटी मोकळी करायची ती लांब सळई..."

"हार्लन," डुएन मागून म्हणाला. गाडी विकल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर बरीच तरतरी आली होती. "तुला ते दार मोठं झालं का बायकोपेक्षा?"

कोणी हसले नाही. तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या घरी एक गाडी होती आणि बहुतेकांच्या घरी एक बायको. हार्लनचा हात अजून दारावरच होता.

"कर्टिस," लॉर्नाचा आवाज आला. मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "तो चेक आमच्या दोघांच्या खात्यावरचा आहे. म्हणजे अर्धी गाडी माझी. मी माझ्या अर्ध्यात बसलेय. काप."

कर्टिसने हार्लनकडे पाहिले नाही. कचकन एक आवाज झाला, मग दुसरा, मग पत्रा फाटल्याचा एक लांबलचक आवाज, आणि दार गवतावर पडले. सगळे मिळून वीस सेकंद लागले. म्हाताऱ्यांपैकी दोघा-तिघांनी टोप्या काढल्या. लॉर्ना कडेला वळली, तिने दोन्ही पाय बाहेर घेतले, छपराचा खांब धरला आणि उभी राहिली. कोणी हात दिला नाही, कारण सगळे दाराकडे बघत होते.

ती घरी गॉर्डीच्या गाडीतून गेली. ती गाडी साधी, करड्या रंगाची आणि कुठल्याही बाजूने दार उघडणारी होती. हार्लन मागून जीटीओ घेऊन आला. उजवी बाजू सताड उघडी, वारा कानात, आणि मागच्या सीटवर, जिथे दोन माणसे बसू शकतात असे त्याने कॅलेंडरवर लिहिले होते, तिथे दार आडवे. रस्त्यातली पोरेसोरे हात हलवत होती. त्यानेही एकदा हलवला.

घरात शिरला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. लॉर्ना जिन्यावर होती, चौथ्या पायरीवर, त्याच्याकडे तोंड करून. उजवा पाय समोर सरळ ठेवलेला. हार्लनने कोट काढला नाही. तो खालच्या पायरीजवळ उभा राहिला.

"गॉर्डी म्हणतो, आहे तशी विकली तर बावीस येतील," तो म्हणाला. "पत्रा नीट केला तर पंचवीस. न्हाणीघर तरी होईल. खोलीचं मग बघू."

लॉर्नाने हात मागे टेकवले, रेटा दिला आणि पाचव्या पायरीवर बसली. तिथे ती नेहमी थोडी थांबायची.

"पाय कसा आहे?"

"येतोय हळूहळू."

हार्लन किल्ली या हातातून त्या हातात घेत राहिला. त्याला तिला उचलून वर न्यावेसे वाटले. तिला उचलण्याइतकी ताकद आता आपल्यात नाही हेही त्याला माहीत होते.

"मी फक्त एक मिनिट म्हणालो होतो, लॉर्ना."

"तीनदा म्हणालास." ती श्वास घेत थांबली. "पहिल्यांदा म्हणालास तेव्हा मला वाटलं, माझ्या पायाचंच काही तरी बघतोयस."

मग तिने हात मागे टेकवले आणि सहावी पायरी घेतली.